मदत हवी आहे: पायथनमध्ये काही रोल नंबर सापडतात, काही सापडत नाहीत (अर्जंट)

सबमिशनउद्या:
मिनी प्रोजेक्ट आहे, रोल नंबर टाकला की मुलगा यादीत आहे का ते सांगायचं, बस एवढंच. तर काही मुलं सापडतात आणि काही फाईलमध्ये ढळढळीत असून सापडत नाहीत, एरर पण येत नाही. पायथन काढून परत टाकलं तरी तेच. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा कोणीतरी प्लीज.

पाटीपेन्सिल:
नंबरामागे स्पेस राहिली असणार. स्ट्रिप मार, आजूबाजूच्या स्पेस जातील, विषय संपला.

रात्रपाळी:
कोड कुठाय? कोड न बघता काय सांगणार.

सबमिशनउद्या:
स्पेसचा प्रश्नच नाही, दोन्हीकडे इंट केलंय, म्हणजे मजकुराचा पूर्णांक. मोबाईलवरून लिहितोय, मराठीतच वाचून घ्या: फॉर आर इन यादी, त्याच्या आत इफ आर इज नंबर, मग प्रिंट सापडला. चुकण्यासारखं आहे काय यात??

जुनासीवाला:
आधी सी लँग्वेज शिका रे. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कळला असता तर हा धागाच निघाला नसता. डिप्लोमाला डायरेक्ट पायथन लावतात हल्ली, मग असं होतं.

रात्रपाळी:
सीवाले काका, त्याचं उद्या सबमिशन आहे. @सबमिशनउद्या, 'काही' म्हणजे नेमके कुठले नंबर?

सबमिशनउद्या:
ए डिव्हिजन १०१ ते १६० सगळे सापडतात. बी २०१ ते २६०, त्यातले शेवटचे चार गायब. सी ३०१ पासून आहे, त्यातला एकही नाही.

रात्रपाळी:
मिळालं. तो इज काढ आणि == टाक. इज किंमत बघत नाही, दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतायत का ते बघतं. आपण नेहमी वापरतो ते पायथन -५ ते २५६ हे आकडे आधीच बनवून ठेवतं आणि सगळीकडे तेच वापरतं, म्हणून २५६ पर्यंत तुझं नशिबाने चाललं. २५७ पासून फाईलमधून आलेला वेगळा आणि तू टाईप केलेला वेगळा. पटत नसेल तर आयडी फंक्शनने दोघांचे आयडी छापून बघ.

पाटीपेन्सिल:
काहीही! मी आत्ता फाईलमध्ये ए = ३१२, बी = ३१२ लिहून ए इज बी छापलं, ट्रू आलं.

रात्रपाळी:
एकाच फाईलमध्ये दोन्हीकडे तोच आकडा हाताने लिहिलास, कंपाइल होताना तो एकदाच ठेवला जातो. प्रॉम्प्टवर दोन वेगळ्या ओळींत करून बघ, फॉल्स येईल. त्याचे आकडे तर प्रोग्राम चालू असताना इंट मधून येतायत.

कोकणकन्या:
पण पायथन ३.८ पासून इजला वॉर्निंग येते ना? याला का नाही आली?

रात्रपाळी:
ती समोर थेट आकडा किंवा स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) लिहिली तरच. याचे दोन्ही व्हेरिएबल आहेत, पायथन बिचारं गप्प बसतं. इज ठेवायचं ते None, म्हणजे 'काहीच नाही', तपासायला.

कोकणकन्या:
मुळात तो फॉरचा लूप कशाला हवाय, इफ नंबर इन यादी, झालं की.

पाटीपेन्सिल:
पुढे == ट्रू लावायचं, म्हणजे पक्कं.

कोकणकन्या:
अजिबात लावू नकोस रे!! इन आणि == एकापुढे एक आले की पायथन साखळी करतं: नंबर इन यादी आणि यादी == ट्रू. यादी कधी ट्रूच्या बरोबर असते का? कायम फॉल्स.

जुनासीवाला:
यादी नको, सेट करा. यादीत इन पहिल्यापासून एकेक बघत जातं, सेटमध्ये हॅशने, म्हणजे किमतीवरूनच जागा काढून, थेट.

रात्रपाळी:
पावणेदोनशे-एकशेऐंशी पोरं आहेत काका, लाखो नाहीत.

सबमिशनउद्या:
लूप काढला, फाईल रीड करून सरळ इन लावलं. आधी टाईपएरर आला म्हणून इंट काढलं, आता ३१२ सापडतो पण नुसतं १२ टाकलं तरी सापडला म्हणतंय!! १२ नंबरचा मुलगाच नाही आमच्याकडे. आधीचंच बरं होतं.

कोकणकन्या:
अरे यादीत म्हटलं होतं मी! रीड केल्यावर अख्खी फाईल एक लांबलचक स्ट्रिंग असते, आणि स्ट्रिंगमध्ये इन तुकडा शोधतं. ११२ मध्ये १२ आहे, ३१२ मध्ये पण. एंटर दाबून रिकामं सोडलंस तरी सापडला म्हणेल. रीडच्या पुढे स्प्लिट लाव म्हणजे नंबर सुटे होतील, प्रत्येकाला इंट कर, त्याची यादी कर, मग इन. टाईप केलेल्या नंबरला पण इंट परत लाव.

पाटीपेन्सिल:
नंबरांमध्ये स्वल्पविराम असेल तर नुसतं स्प्लिट चालणार नाही. तरी मी पहिल्यापासून स्ट्रिप म्हणतोय.

सबमिशनउद्या:
एका ओळीवर एकच नंबर आहे, स्वल्पविराम नाही. स्प्लिट लावलं, चालतंय, ३१२ हो, १२ नाही. आता सर म्हणतात नावावरून पण शोधता आलं पाहिजे. रोल नंबर आणि नावाची डिक्शनरी केली, इफ नाव इन डिक्शनरी लिहिलं, तर एकही नाव सापडत नाही.

रात्रपाळी:
डिक्शनरीत की (key) आणि तिची किंमत अशा जोड्या असतात, इन फक्त key बघतं, तुझी key रोल नंबर आहे आणि नाव ही किंमत. डिक्शनरीच्या पुढे डॉट व्हॅल्यूज आणि कंस. आणि यापुढे कोड टाकून विचार.

जुनासीवाला:
सेट केला असतास तर...

कोकणकन्या:
काका, सेटमध्ये नाव कुठे ठेवणार होता?