लेक बुद्धिबळात हुशार आहे पण हरणं सहन होत नाही, स्पर्धा थांबवू का?

डोंबिवलीची_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. आजोबांनी ती बालवाडीत असताना पट मांडून दिला, त्यांना वाटलं घोडा-उंट ओळखेल आणि सोडून देईल, पण ही चिकटलीच. आधी आजोबांना हरवायला लागली, मग सोसायटीतल्या काकांना, मग क्लासमधल्या मोठ्या मुलांना. शाळेतही तेच, वाचायला आपलं आपणच शिकली, पाढे दोनदा ऐकले की पाठ. म्हणजे आजवर तिला कशासाठी झगडावंच लागलेलं नाही आणि मला वाटतं गोची तिथेच आहे.

कारण आता आम्ही फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, रेटिंगच्या (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) स्पर्धांना जायला लागलोय. दिवसाला दोन राऊंड, नव्वद मिनिटं अधिक चालीला तीस सेकंद, समोर कधी तिच्याएवढंच पोर तर कधी साठीचे आजोबा. हरली की हॉलच्या दारापर्यंत गप्प येते आणि मला बघितलं की जो बांध फुटतो तो फुटतोच. स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहायच्या कागदाचा, बोळा करून टाकते. 'मी ढ आहे, मला काहीच येत नाही' हे चालू. दुपारच्या राऊंडच्या आधी हमखास पोटात दुखतं. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची की हल्ली ती मुद्दाम भराभर खेळते असं वाटतं. मागच्या स्पर्धेत हिने वजीर गमावला तेव्हा घड्याळात अजून सव्वा तास शिल्लक होता! बाहेर येऊन म्हणते, 'मी घाई केली म्हणून, नाहीतर जिंकलेच असते.'

घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो चूक लगेच कळली पाहिजे, तो घरी जाताना ट्रेनमध्येच मोबाइलवर गेम इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामला, लावतो. सासरे म्हणतात लहान आहे, वर्षभर स्पर्धा बंद करा. क्लासचे सर म्हणतात रडू दे, सवय होईल. खेळ तिला मनापासून आवडतो, रात्री अंथरुणातही कोडी सोडवत असते, म्हणून बंद करायला जीव होत नाही, पण ते रडणं बघवतही नाही. तुमच्यापैकी कोणाची मुलं खेळत असतील तर प्लीज सांगा.

पटावरचा_मास्तर

ताई, मी पुण्यात मुलांना शिकवतो त्यामुळे तुम्ही लिहिलंय ते दर शनिवार-रविवारी डोळ्यांसमोर असतं. सगळ्यात आधी ते भराभर खेळण्याचं घेतो कारण तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. हुशार मुलं हे करतात. पूर्ण वेळ घेऊन, डोकं लावून हरलं तर 'मी हरले' हे मान्य करावं लागतं, घाईत हरलं तर घाई हरली, मी नाही. ती आळशी नाही आणि बेफिकीर तर अजिबातच नाही, ती स्वतःला वाचवतेय. त्यामुळे 'हळू खेळ, हळू खेळ' असं शंभर वेळा सांगून काही होत नाही, ते ती आत्ताही ऐकतच असेल.

मी काय करतो ते सांगतो. स्कोअरशीटवर चालीच्या शेजारी घड्याळात उरलेला वेळ लिहायला लावतो. हे नियमात बसतं, फिडेच्या नियमांप्रमाणे चाली, घड्याळाची वेळ, बरोबरीचा प्रस्ताव एवढं स्कोअरशीटवर लिहिता येतं, मोठे खेळाडूही लिहितात. दर पाच चालींनी लिहिलं तरी पुरे. आणि मग स्पर्धेचं उद्दिष्ट बदलायचं. 'सातपैकी पाच पॉईंट' हे तिच्या हातात नाही. 'विसाव्या चालीला घड्याळात साठ मिनिटांपेक्षा जास्त उरता कामा नये' हे पूर्ण तिच्या हातात आहे. हरून आली तरी ते जमलं असेल तर ते जमलंच, कोणी काढून घेऊ शकत नाही. पण स्कोअरशीटचा बोळा झाला तर हे सगळं जातं, म्हणून कागद जपून ठेवायचा हा एकच नियम कडक ठेवा.

दुसरं, तिला स्विस पद्धत नीट समजावून सांगा, आठ वर्षांच्या मुलीला ती सहज कळेल. जिंकलं की पुढच्या राऊंडला जिंकलेल्यांशीच पेअरिंग लागतं. म्हणजे जितकं चांगलं खेळाल तितका समोरचा तगडा. नऊ राऊंडच्या ओपन स्पर्धेत चांगलं खेळणारं पोर हरणारच, कुठे ना कुठे त्याच्यापेक्षा भारी माणूस गाठ पडणारच. आमच्या क्लासमधल्या एका मुलाला हे कळल्यावर तो मला येऊन म्हणाला, 'सर म्हणजे मी जिंकलो म्हणून हरलो!' आणि खुश झाला.

तिसरं रेटिंग. अठराच्या आतल्या आणि 2300 च्या खालच्या खेळाडूंना के फॅक्टर, म्हणजे एका गेमने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, 40 असतो. म्हणजे आपल्याएवढ्याच रेटिंगच्या माणसाकडून हरलं की 20 पॉईंट गेले, शंभरने कमी असलेल्याकडून हरलं तर जवळपास 26. समोरच्या काकांना मात्र बहुतेक वेळा 20 चाच के लागू असतो, त्यांचं निम्मंच जातं. मुलांचं रेटिंग असं वरखाली व्हावं म्हणूनच तो आकडा मोठा ठेवलाय, कारण मुलं भराभर सुधारतात. एका स्पर्धेत 80 गेले म्हणून घरात सुतक नको आणि 80 आले म्हणून पेढेही नकोत. आणि 2024 च्या मार्चपासून रेटिंगची किमान पातळी 1400 केलीय, त्याखाली गेलं की रेटिंगच निघून जातं, पुन्हा नव्याने मिळवता येतं. तसं झालं तरी आकाश कोसळत नाही, पण पालकांनी आधीच माहीत करून घ्यावं, नाहीतर एक तारखेला नवी यादी लागते तेव्हा घरात रडारड होते.

ऑरेंज_सिटी_बाबा

आमचा मुलगा आता नववीत आहे, तोही असाच रडायचा. नागपुरात तर बुद्धिबळाचं वेड आहेच, त्यात 2025 च्या जुलैमध्ये दिव्या देशमुखने बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून विचारायलाच नको. त्या फायनलमध्ये पहिले दोन्ही क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाचे, गेम बरोबरीत होते आणि शेवटी टायब्रेकमध्ये, म्हणजे निकालासाठीच्या झटपट गेममध्ये, कोनेरू हंपीसारख्या अनुभवी खेळाडूला हरवल्यावर ती तिथेच रडली, आईला मिठी मारून रडली, सगळ्या देशाने बघितलं. मी मुलाला तो व्हिडिओ दाखवला. एवढी मोठी खेळाडू रडते तर तू का नाही रडायचंस?

तर माझं म्हणणं, रडणं थांबवायला जाऊ नका, फक्त जागा ठरवा. आमचं ठरलेलं होतं: पटावर राजा सरळ, हात मिळवायचा, स्कोअरशीटवर सही करायची, सोंगट्या परत मांडायच्या आणि मग बाहेर येऊन काय तो गोंधळ घाल. ही चार कामं आम्ही घरी खेळताना पण करायचो, जिंकल्यावर सुद्धा, म्हणजे ती फक्त हरल्याची शिक्षा वाटत नाही. हातांना काम असलं की ती दोन-तीन मिनिटं निघून जातात.

बाहेर आल्यावर आई-बाबांनी काय बोलायचं, तर काही नाही. पाण्याची बाटली द्यायची. डबा उघडायचा. 'काय झालं' हे सुद्धा नको कारण तिच्या तोंडाकडे बघून कळतंच की. आणि फोन! आमच्याकडे राऊंड संपला की आत्या, मामा, आजी सगळ्यांचे 'जिंकला का' चे मेसेज. शेवटी बायकोने फॅमिली ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की स्पर्धा संपेपर्यंत कोणी विचारायचं नाही, रविवारी रात्री आम्हीच कळवू. दोघं-तिघं रुसले, पण फरक पडला.

ट्रेनमधलं इंजिन मात्र आजच्या आज बंद करा दादांना सांगून. मनापासून सांगतोय.

मृदगंध

इंजिनबद्दल +1. विश्वविजेतेपद जिंकलेल्या गुकेशला त्याच्या सुरुवातीच्या कोचने, विष्णू प्रसन्नाने, जवळपास 2500 रेटिंग होईपर्यंत इंजिन वापरू दिलं नव्हतं. मग आठ वर्षांच्या मुलीला कशाला हवंय? इंजिन सांगतं तू चुकलीस, उणे सात, म्हणजे डाव जवळपास हरलाच. ती चाल खेळताना तिच्या मनात काय होतं ते त्याला माहीत नाही आणि विचारायचं तर तेच असतं.

आणि हरण्याचं म्हणाल तर गुकेशचंच सांगा तिला. 2024 च्या एप्रिलमध्ये टोरोंटोला कँडिडेट्स स्पर्धेत (विश्वविजेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी) सातव्या राऊंडला तो अलिरेझा फिरोजाकडून हरला, वेळ संपत आलेला असताना गेम हातातून गेला, फार वाईट अवस्था होती त्याची. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. नंतर त्याने स्वतः सांगितलं की त्या सुट्टीच्या दिवशीच त्याला खूप छान वाटायला लागलं आणि ही स्पर्धा आपली असू शकते असं वाटलं. जिंकला ती स्पर्धा. पुढे डिसेंबरमध्ये विश्वविजेता झाला तेव्हाही तेव्हाच्या विश्वविजेत्या डिंग लिरेनविरुद्ध पहिलाच गेम हरला होता, बाराव्यात परत हरला आणि चौदाव्यात जिंकून संपवलं. गोष्ट म्हणून सांगा, उपदेश म्हणून नको, मुलांना लगेच कळतं.

सुजाता_स

मी शाळांमध्ये समुपदेशन करते, बुद्धिबळातलं मला सोंगट्यांपलीकडे काही कळत नाही, पण 'मी ढ आहे' या वाक्यावर थांबले. ज्या मुलीला सगळं घर, सगळी शाळा 'किती हुशार' म्हणते तिच्या डोक्यात सोपं गणित बसतं: जमलं तर हुशार, नाही जमलं तर ढ. मधलं काही नाही.

म्युलर आणि ड्वेक या दोघींचा 1998 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली, मग काहींना सांगितलं तुम्ही हुशार आहात, काहींना सांगितलं तुम्ही मेहनत घेतलीत. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळेच आपटले. त्यानंतर परत सोपी दिली तर 'हुशार' वाल्या मुलांचं आधीपेक्षाही वाईट झालं, आणि आपले मार्क दुसऱ्यांना कळवताना वाढवून सांगणारी मुलंही त्यांच्यातच जास्त निघाली. तुमची मुलगी 'घाई केली म्हणून' सांगते ते मला याच जातीचं वाटतं.

म्हणून कौतुक करा पण ठराविक गोष्टीचं करा. 'तो हत्ती देऊन घोडा का घेतलास ते मला समजावून सांग ना' हे कौतुकच आहे. आणि एक वेगळं सुचवते, तिला अशी एखादी गोष्ट करू द्या जी तिला लगेच येणार नाही आणि जिथे कोणी मोजत नाही. पोहणं, मल्लखांब, तबला, काहीही. आठवडाभर दोरीवरून घसरणं आणि नवव्या दिवशी वर चढणं हे तिने अजून कधी अनुभवलेलंच नाहीये असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

एका गोष्टीवर मात्र वरच्यांपेक्षा माझं मत वेगळं आहे. राऊंडच्या आधी दर वेळी पोट दुखत असेल तर ते खरंच दुखत असतं, नाटक नसतं. काही महिने स्पर्धा कमी केल्या तर काही बिघडत नाही. पूर्ण बंद नको, कारण मग 'मला झेपलं नाही म्हणून काढलं' असा अर्थ ती लावेल.

काळं_प्यादं

मी स्वतः लहानपणी खेळायचे, सांगलीकडची, आमच्याकडे पट घरोघरी. आता इंजिनिअरिंगला आहे आणि अजून खेळते. मला कुठल्या स्पर्धेत कितवी आले ते आठवत नाही. आठवतं ते असं की दोन राऊंडच्या मधे आम्ही पोरी व्हरांड्यात दोन पट मांडून चौघीजणी बग हाऊस खेळायचो, मारलेल्या सोंगट्या पार्टनरला द्यायच्या, नुसता कल्ला. सकाळी जिच्याकडून हरले तीच दुपारी माझी पार्टनर. तुमच्या लेकीला स्पर्धेत एक तरी मैत्रीण आहे का? नसेल तर आधी ते बघा. हॉलमध्ये तीस मुलगे आणि चार मुली असतात, एकटीला फार जड जातं. तिच्यासारख्याच एखाद्या मुलीच्या आईचा नंबर घ्या आणि स्पर्धा एकत्र ठरवून जा.

आणि घरी मुद्दाम हरू नका तिच्याशी. मुलांना कळतं.

डोंबिवलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं आपुलकीने लिहाल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला दिला. तो म्हणाला की इंजिन बंद, पण गेम बघायचाच नाही का मग? त्यावर आमचं असं ठरलं की दोन दिवसांनी, ती म्हणेल तेव्हा, पट मांडून ती आजोबांना दाखवणार. आजोबांना रेटिंगमधलं काही कळत नाही हेच बरं. काल तिने पहिल्यांदाच एक हरलेला गेम दाखवला, बोळा झालेला कागद उलगडून. सोळाव्या चालीला थांबली आणि म्हणाली, 'इथे मला कळलं होतं की उंट अडकणार, पण मला लवकर संपवायचं होतं.' मास्तर, तुम्ही म्हणालात तेच.

आता एक शेवटचं विचारते. पुढच्या महिन्यात दोन स्पर्धा आहेत, एक ओपन रेटिंग आणि एक नऊ वर्षांखालची जिल्ह्याची निवड चाचणी. दोन्ही नको हे कळलं. यातली कुठली?

पटावरचा_मास्तर

निवड चाचणीत 'पुढे राज्याला जायचं' हे ओझं असतं आणि समोर सगळी तिच्याच वयाची, त्यातल्या एखादीकडून हरलं की जास्त लागतं. ओपनमध्ये मोठ्यांकडून हरायला लाज वाटत नाही आणि वेळ घेऊन खेळायची सवयही तिथेच लागते. माझं मत ओपन. दुपारच्या राऊंडला पोट दुखलं तर आर्बिटरला, म्हणजे पंचांना, आधी सांगून त्या राऊंडपुरती सुट्टी घेता येते का ते एन्ट्री भरतानाच विचारून ठेवा, बऱ्याच स्पर्धांमध्ये अर्ध्या पॉईंटचा बाय (न खेळता मिळणारा अर्धा पॉईंट) देतात, पण ठराविक राऊंडपर्यंतच. तो पर्याय आहे हे तिलाही सांगून ठेवा. आणि काळं_प्यादं म्हणते तसं मैत्रीण बघा, आमच्या क्लासमधल्या दोन मुली कल्याण-ठाण्याकडच्या स्पर्धांना येतात, निरोप टाका मला, त्यांच्या आयांना विचारून जोडून देतो.

डोंबिवलीची_आई

निरोप टाकला आहे सर. ओपनचाच फॉर्म भरतेय.