बोगदे झाले, मग सात वर्षं कशात गेली?

शंटर:
लंडनच्या क्रॉसरेलबद्दल, म्हणजे शहराखालून जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाबद्दल वाचतोय. बोगद्यांची खोदाई २०१५ मध्ये संपली, उद्घाटन डिसेंबर २०१८ ला ठरलं, आणि मार्ग सुरू झाला मे २०२२ मध्ये. खोदाई हेच अवघड काम ना? मग उशीर कसला? की खाबूगिरी?

फाटकवाला:
खाबूगिरी म्हटलं की चर्चाच संपते, म्हणून ते उत्तर मला आवडत नाही. माझी नोकरी सिग्नलिंगमध्ये गेली. आमचा नंबर शेवटी. आधीचे सगळे लांबतात, पण उद्घाटनाची तारीख हलत नाही. मग कात्री लागते ती चाचण्यांना.

इथे एकाच गाडीला तीन सिग्नल पद्धती सांभाळायच्या होत्या: मधल्या बोगद्यात सीबीटीसी, हीथ्रोकडे ईटीसीएस, जुन्या मार्गांवर टीपीडब्ल्यूएस. आपापल्या जागी तिन्ही चालतात. घोळ होतो तो धावत्या गाडीने एकीतून दुसरीत शिरताना. तो कळायला खरी गाडी, खरा रूळ आणि वीज लागते. त्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये याच मार्गावर पुडिंग मिल लेन इथे ट्रान्सफॉर्मरचा स्फोट. स्टेशनं अर्धवट, म्हणजे बोगद्यात कामगार. माणसं आत असताना गाडी पळवणार कशी? तरी ऑगस्ट २०१८ संपत येईपर्यंत डिसेंबरचाच घोष चालू होता!

जमाखर्च:
हे सिग्नलवाल्यांचं गाऱ्हाणं झालं (ह. घ्या.). ब्रिटनच्या एचएस२ या अतिवेगवान रेल्वेमार्गाचं काय? तिथे चाचण्या दूरच, २०२३ मध्ये मँचेस्टरचा फाटाच रद्द केला. आराखडा पक्का नसताना कामं सुरू केली की खर्च फुगणारच.

फाटकवाला:
एचएस२ बाबत मान्य. पण फ्रान्समधलं २०१४ चं प्रकरण बघा. फलाट आरएफएफ या रूळ सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गाड्या एसएनसीएफ या रेल्वे कंपनीकडे. नव्या गाड्यांची रुंदी ठरली ती नव्या फलाटांच्या मापांवरून. जुने फलाट, जिथे गाडीला जागा कमी, हिशेबातच नव्हते. सुमारे १,३०० फलाट तासायची वेळ आली, खर्च ५ कोटी युरो. इथे ना बोगदा, ना कच्चा आराखडा; घोळ दोघांच्या सांध्यावर.

शंटर:
मग क्रॉसरेल मार्गी लागलं कसं?

फाटकवाला:
२०१८ च्या शेवटी मार्क वाइल्ड प्रमुख म्हणून आले. २०२० च्या उन्हाळ्यात चाचण्या थांबवून आधी बोगद्यांतली उरलेली कामं उरकली. वरवर पाहता आणखी उशीर! पण मे २०२१ मध्ये सलग चाचणी-फेऱ्या सुरू झाल्या त्या यामुळेच. आणि जमाखर्च, हेच वाइल्ड डिसेंबर २०२४ पासून एचएस२ चे प्रमुख आहेत.