अनुभव धागा: 'काही करत नाही हो तो!'

मोगरा_इंदिरानगर:
आज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर एक मुलगा रॉटवायलर घेऊन आला. पट्टा मनगटाला सैल गुंडाळलेला, डोळे मोबाइलमध्ये. कुत्रं माझ्याकडे वळलं तशी मी थिजलेच. तो म्हणतो, "काही करत नाही हो काकू तो."
हेच वाक्य १९९८ साली सिडकोत ऐकलं होतं. शेजारच्यांचा अल्सेशियन. साखळीचा हूक तुटलेला, तिथे सुतळी बांधलेली. धाकटा भाऊ दूध आणायला निघाला आणि सुतळी तुटली. पोटरी फाटली, पण हातातली किटली त्याने सोडली नाही. कुणीतरी जखमेत तिखट भरलं. ती किंकाळी अजून कानात आहे. मग पोटात चौदा इंजेक्शनं. मालक एकदाही विचारायला आले नाहीत, वर "पोरानंच छेडलं असेल". कुत्र्याचा राग मला कधीच आला नाही. त्या सुतळीचा येतो.
तुमचे अनुभव लिहा. कुत्रा पाळणाऱ्यांनीही लिहा.

साधीमाणसं:
बापरे, किटली सोडली नाही हे वाचून डोळ्यात पाणी आलं. भाऊ आता कसा आहे?

मोगरा_इंदिरानगर:
बरा आहे. पोटरीवर खड्डा आहे अजून. कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो.

द्राक्षबाग:
आमच्याकडे मळ्यात बिबट्याच्या भीतीने कुत्री ठेवावीच लागतात. गावठीच. दिवसभर साखळीला, रात्री मोकळी. पाच वर्षांपूर्वी कामावरच्या बाईंच्या मुलीला चावलं, हाताला. चूक माझीच. दिवसभर बांधून ठेवलेलं जनावर चिडकं होणारच. सिव्हिलला नेलं, पाचही डोसांना स्वतः गाडीवर घेऊन गेलो, आईचे खाडे भरून दिले. तेव्हापासून दुपारी कुंपणाच्या आत मोकळं सोडतो. फरक पडला.

नाशिकरोडकर:
दादा, द्राक्षांची गोडी छाटणी झाली का? पावसानं यंदा काही राहिलं का?

द्राक्षबाग:
अर्धी झाली. डावणी रोगाची फवारणी चालू आहे, रात्री बोलतो.

रॉकीचीआई:
माझ्याकडे रॉटवायलरच आहे, म्हणून लिहिते. मार्च २०२४ मध्ये २३ 'धोकादायक' जातींच्या कुत्र्यांवर बंदी घाला असं राज्यांना सांगणारं केंद्राचं पत्र आलं तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. सोसायटीत लगेच "बाहेर काढा" सुरू झालं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं. पण लिफ्टमध्ये शेजारच्या आजी भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या होत्या. त्यांची भीती कुठलं कोर्ट रद्द करणार? आता लिफ्टमध्ये मुसकं घालूनच नेते आणि आत कुणी असलं तर पुढच्या फेरीची वाट बघते.

पंचवटी_७७:
जातीवर बंदी हवीच असं माझं मत. पॉमेरेनियन चावला तर दोन टाके, असा मोठा चावला तर हात जातो. लखनौला २०२२ मध्ये पिटबुलने मालकाच्या आईचाच जीव घेतला.

रॉकीचीआई:
जबड्याची ताकद नाकारत नाही. म्हणून तर असा कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी जास्त. पण यादीत नाव नाही म्हणून बाकीचे मालक सुटले, असं व्हायला नको.

दवाखान्यातली:
ड्युटीवर आहे, घाईत लिहिते. तिखट, हळद, चुना काहीही लावू नका. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, मग दवाखाना. रेबीजची दंडातली इंजेक्शनं ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडं) लागतं. पाळीव होता, लस दिलेली होती म्हणून घरी बसू नका. परवा एक काका चौथ्या दिवशी आले, मालक ओळखीचा म्हणून!

कायदेशीर:
भारतीय न्याय संहिता कलम २९१. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलमात जात विचारलेली नाही. जखमेचे फोटो आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवा.

साधीमाणसं:
कुकरच्या शिट्ट्या होतायत, पण एक सांगतेच. आमच्याकडे सिलिंडर देणारा दादा गेटबाहेरूनच हाक मारतो, "बांधलाय का?" रोज किती घरांपुढे हे विचारत असेल.

मोगरा_इंदिरानगर:
रॉकीची आई, मुसकं कुठलं घेतलंत? तो मुलगा उद्या दिसला तर सांगेन म्हणते.

रॉकीचीआई:
जाळीचं घ्यायला सांगा, कापडी नको. धाप टाकता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. आधी नाकाचा घेर मोजायचा. आणि ताई, त्याला माझा नंबर द्या, मी घालून दाखवीन.