'अर्ली ऑटम'ला सोलापुरात काय म्हणायचं? शरद, परतीचा पाऊस, की सरळ उघाड

माळवाट
आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपनं सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी नान्नजच्या माळावर जायचं ठरवलंय आणि त्याचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडं आलंय. मूळ मजकूर पुण्यातल्या एका मैत्रिणीनं इंग्रजीत लिहिलाय, त्यात पहिल्याच ओळीत 'अर्ली ऑटम' आहे. मी लिहिलं, 'शरद ऋतूच्या सुरुवातीला माळ हिरवा असतो आणि भोवत्यांची वाट बघायचे दिवस येतात' (भोवत्या म्हणजे हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी). तर ग्रुपमधला मोहोळकडचा मित्र म्हणतोय सोलापुरात शरद कुणी बघितलाय, त्या दिवसात इथं धो धो पाऊस असतोय, लोक वाचून चांदण्याचा कार्यक्रम समजतील. दुसरी अडचण म्हणजे 'पावसाने उघडीप दिली तरच सहल निघेल' या वाक्यावर तोच म्हणतोय की उघडीप नव्हे, उघाड लिही. दोन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकलेत, पण फरक सांग म्हटलं तर सांगता येईना. पत्रक लवकर छापायला द्यायचंय, काय लिहू?

पंचांगवाला
शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. सप्टेंबरचा शेवट कधी भाद्रपदात पडतो कधी आश्विनात, म्हणजे अधिक मास कधी येऊन गेला त्यावर आहे, त्यामुळं तारीख बघून लिहावं लागेल. पण खरी गोची वेगळीच आहे. ऑटम म्हणजे शरद हे शाळेतल्या तक्त्यानं लावून दिलेलं आहे. तिकडचा ऑटम पानगळीचा, आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. आपल्या शरदात झाडं भरलेली असतात, आणि आपल्या जिल्ह्यात तर शेतकरी पेरणीला निघालेला असतो. एकाच्या डोळ्यापुढं पिवळी पानं आणि दुसऱ्याच्या पुढं हिरवं रान, मग एकाला दुसरा शब्द कसा चालेल?
जाता जाता, शरद शब्दाचा जुना अर्थ नुसता ऋतू नाही, वर्षसुद्धा आहे. 'जीवेम शरदः शतम्' म्हणजे शंभर वर्षं जगू. आणि आपण रोज म्हणतो ते 'साल' फारसीतून आलं, ते आणि शरद मुळात एकाच घरातले शब्द. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला होता.

तळ्याकाठी
साल आणि शरद? मग 'सर्द' पण शरदावरूनच असणार की, सर्द म्हणजे थंड, शरदात थंडी सुरू होते, अगदी बरोबर बसतंय.

पंचांगवाला
नाही ओ, सर्द वेगळं. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जुळत नाही. आणि सोलापुरात शरदात थंडी कुठली सुरू होते?

सीनाकाठ
उघाड आणि उघडीप मी सांगतो, आमचं रोजचं हाय ते. झड लागलेली असताना दोन तास पाऊस थांबला, वैरण आत घ्यायला सवड मिळाली, ती उघडीप. उघाड म्हणजे आभाळ फाकलं, ऊन पडलं, आता चार दिवस तरी येत नाही असं वाटायला लागलं, रान वाफशावर यायला लागलं, म्हणजे जादा ओल उतरून पेरणीजोगं व्हायला लागलं. मालदांडी ज्वारी पेरायची तर उघाड पाहिजे, नुसत्या उघडीपीवर कुणी पाभर बाहेर काढत नाही. तुमच्या मित्राचं बरोबर हाय, सहलीला उघाडच लागती.

पूर्वभाग
सीनाकाठ भाऊ, तुमच्या शेताचं तुम्हाला माहीत, पण पेपरात 'आठ दिवसांपासून पावसाने उघडीप दिल्याने' असं सर्रास येतं. आठ दिवस म्हणजे दोन तास नव्हेत. मला वाटतं फरक अर्थाचा नाही, शहर आणि गावाचा आहे. शहरात उघडीप, गावात उघाड. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दोन्ही शब्द मला शाळेत गेल्यावरच कळले, घरी 'ऊन पडलं' एवढंच.

सीनाकाठ
पेपरवाला बांधावर उभा राहून लिहीत नाही.

शुद्धमराठी
दोन्ही शब्द 'उघडणे'पासूनच आणि उघडणे उद्घाटनाच्या घरातलं, तेव्हा एकाला बरोबर आणि एकाला चूक ठरवायचं कारण नाही. मला खटकतं ते वेगळं. सहलीचं पत्रक मराठीत करायचं म्हणता आणि 'ग्रुप' लिहिता, पुढं 'ऑक्टोबर हीट' लिहाल, 'रिटर्न मान्सून' लिहाल. 'शरदारंभी' असा सुंदर शब्द होतो, तो वापरा. न वापरल्यानं शब्द मरतात, हे मी मनापासून सांगतोय.

परगावी_सोलापूरकर
शुद्धमराठी, तुमची कळकळ पोचते पण 'शरदारंभी' वाचून आमच्या शेजारच्या काकू येणार नाहीत सहलीला. आणि शुद्ध म्हणजे कुठपर्यंत शुद्ध? 'हवा' अरबी. 'मान्सून' पोर्तुगीजांच्या तोंडून आला, त्याच्या मागं अरबी मौसिम आहे, आणि आपला 'मोसमी वारा'सुद्धा त्याच मौसिमचा. पाऊस मात्र आपला, प्रावृष् पासून आलेला. पण म्हणून हवामान शब्द टाकून देणार का?
ऑक्टोबर हीटचं म्हणाल तर तिला मराठी शब्द नाही असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. माझी आज्जी 'चित्राचं ऊन' म्हणायची. चित्रा नक्षत्र १० ऑक्टोबरच्या आसपास लागतं, म्हणजे महिना सांगायची गरजच नाही, शब्दातच तारीख आहे. त्या दिवसात पारा ३२-३३ च्या आसपास असतो, आपल्या मे महिन्याच्या पुढं ते काहीच नाही, पण पाऊस नुकताच गेलेला असतो, आभाळ निवळलेलं, जमीन ओली, तिची वाफ वर येती आणि अंगावरचा घाम वाळत नाही, म्हणून ते ऊन वैशाखापेक्षा जास्त टोचतं. मी आता बाहेर राहतो, तिथं ऑफिसात 'ऑक्टोबर हीट' म्हणून सगळे मोकळे होतात, मला दरवेळी आज्जीचाच शब्द आठवतो.

पंचांगवाला
वा, चित्राचं ऊन. मग माळवाटचं उत्तर यातच आहे की. २७ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य हस्तात जातो, तेव्हा 'हस्त लागताना' लिहा. हस्त, चित्रा, स्वाती, प्रत्येकाला १३-१४ दिवस. दोन महिन्यांच्या एका ऋतूपेक्षा हे माप कितीतरी बारीक आहे. हादग्याच्या पाटावर पोरी हत्ती काढतात तो याच हस्ताचा. आणि 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती' ही म्हण ज्वारीच्या पट्ट्यात जेवढी खरी लागते तेवढी दुसरीकडं नाही.

तळ्याकाठी
हस्तात सहल ठेवणं म्हणजे भिजायची तयारी ठेवूनच जायचं. बाकी महाराष्ट्राला जुलै पावसाचा, सोलापूरला वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. पुण्याच्या माणसाला 'अर्ली ऑटम' सुचतं कारण त्यांचा पाऊस तेव्हा उतरणीला लागलेला असतो, आपला तर तेव्हा भरात येतोय. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माढा-मोहोळकडं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. त्या आठवड्यात कुणी 'शरद ऋतूची सुरुवात' म्हटलं असतं तर ऐकवलं नसतं.

सीनाकाठ
खरं हाय.

परगावी_सोलापूरकर
त्या पावसाला पेपरात परतीचा पाऊस म्हणायचे, तेही मला पटलं नव्हतं. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या तारखांप्रमाणे मान्सून पश्चिम राजस्थानातून परत फिरायला लागतो तोच मुळी १७ सप्टेंबरला, आपल्याकडून जायला ऑक्टोबर उजाडतो. मग सप्टेंबरात सोलापुरात पडणाऱ्या पावसाला परतीचा कसं म्हणायचं, तो अजून इथंच राहायला आहे.

पूर्वभाग
मी एक वेगळंच सुचवू का? पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या आमच्या तेलुगू वस्तीत, त्या दिवसात बतुकम्मा हा फुलांचा सण असतो. त्याला तरवडाची पिवळी फुलं लागतात, आम्ही तंगेडु म्हणतो. माळावर तरवड फुलला की आमच्या आईला पंचांग बघावं लागत नाही. नान्नजच्या बाजूलाही तरवड दिसतोच. पत्रकात 'तरवड फुलण्याच्या दिवसात' असं लिहिलं तर तेलुगू घरातल्यांनाही कळेल, मराठी घरातल्यांनाही कळेल, आणि माळावर आल्यावर ते झाड समोर दिसेल. ऋतूचं नाव कशाला पाहिजे.

माळवाट
पूर्वभाग, हे मला फार आवडलं. मूळ इंग्रजी वाक्यात हे नाहीये पण मैत्रिणीला विचारते, तिला चालेल असं वाटतंय. उघाड-उघडीपीचं मात्र अजून ठरलं नाही. सकाळी ६ ला निघून ११ पर्यंत परत यायचं आहे, म्हणजे सीनाकाठ यांच्या हिशोबानं ही उघडीप झाली की उघाड?

शुद्धमराठी
तरवड फुलण्याच्या दिवसात, हे उत्तम आहे. माझा शब्द मी मागं घेत नाही, पण हे उत्तम आहे.

तळ्याकाठी
११ पर्यंत परत या हे नक्की लिहा. उघाड पडली की त्या दिवसातलं ऊन १० नंतर डोक्यात जातं आणि माळावर सावली नाही.

परगावी_सोलापूरकर
यावरून आठवलं, कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचं यंदा कुणाचं ठरलंय का? ४५ किलोमीटर, दिवसा त्या उन्हात जमत नाही म्हणून रात्री निघायचं आणि नेमका रात्रीच पाऊस गाठतो. मागं एकदा तामलवाडीच्या अलीकडं असा पाऊस लागला की रस्त्याकडंच्या मंडपात सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि थांबल्यावर परत 'आई राजा उदो उदो' म्हणत उठले. त्याला काय म्हणायचं, तीच खरी उघडीप.

शुद्धमराठी
कोजागरी. कोजागिरी नव्हे. 'को जागर्ति', कोण जागं आहे असं लक्ष्मी विचारत फिरते त्यावरून. यात गिरी, डोंगर, कुठून आला?

सीनाकाठ
तुळजापूरला चालत जाणाऱ्याला घाट चढावा लागतोय, त्याला गिरी आठवणारच की. आमच्याकडं लहानथोर सगळे कोजागिरीच म्हणत्यात.

पंचांगवाला
सीनाकाठ, हसू नका पण लोकांनी बहुतेक असंच केलं असेल. को आणि जागर्ति कानाला ओळखीचं नाही, गिरी ओळखीचं, मग जीभ तिकडं वळली. याला मी चूक म्हणणार नाही.

शुद्धमराठी
मी म्हणणार. मग शरदाला सर्द म्हणणाऱ्यालाही चूक म्हणायचं नाही का? ओळखीचं ते घेत गेलं तर मूळ शब्द काय होता हे पुढच्या पोरांना सांगणार कोण?

तळ्याकाठी
माझं नाव कशाला घेता त्यात.

पूर्वभाग
चालत जाणाऱ्यांनी दोन सॉक्सचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पाय ओले राहिले की फोड येतात. आणि जुन्या चपला घालून निघा, नव्या नकोत.

माळवाट
उघाड का उघडीप, कुणीतरी सांगा.

सीनाकाठ
ताई, सकाळपुरतं पाहिजे तर उघडीप लिहा, पण आदल्या दोन दिवसात उघाड पडलेली पाहिजे. नान्नजचा माळ मुरमाड हाय, तिथं पाणी निचरतं, पाऊस होऊन गेला तरी पाय रुतत नाहीत. तुमच्या पुढच्या पत्रकात जर हत्तरसंग कुडल असलं तर मात्र सगळं वेगळं. भीमा-सीनेच्या संगमाचं काळं रान हाय ते, गाडी एकदा बसली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. तिथं वाफसा बघूनच जावा.

पंचांगवाला
कुडलला जाणार असाल तर मीही येतो. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे तिथं, 'वांछि तो विजेया होइवा'. या धाग्यावरच्या सगळ्यांनी एकदा वाचावा असा. पण सीनाकाठ म्हणतात तसं, चित्रा निम्मी होऊ द्या.

शुद्धमराठी
'वाफसा' की 'वापसा'? आमच्याकडं वापसा म्हणतात.

सीनाकाठ
वाफसा. वाफ निघाली की वाफसा.

तळ्याकाठी
बार्शीकडं वापसाच म्हणतात.