येरवडा कारागृह: भिंतीच्या आतले आणि बाहेरचे अनुभव

येरवडा हे पुण्याच्या एका उपनगराचे नाव आहे. परंतु ‘तो येरवड्याला आहे’ असे कोणी दबक्या आवाजात सांगितले, तर ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये उभारलेल्या या मध्यवर्ती कारागृहात कोण कोण होते, याची यादी बहुतेकांना तोंडपाठ असते: चाफेकर बंधू, लोकमान्य, गांधीजी, आणीबाणीतले नेते आणि अलीकडचा कसाब. या मोठ्या नावांच्या आड तिथे राहिलेली, राबलेली आणि दाराशी ताटकळलेली हजारो माणसे झाकली गेली, असे मला मनापासून वाटते. म्हणून ज्यांचा किंवा ज्यांच्या घरच्यांचा या भिंतीशी संबंध आला, त्यांनी येथे लिहावे. खटला कोणता होता, हे लिहिण्याची गरज नाही.

सुरुवात मी करतो. माझे वडील तेथे शिपाई होते आणि आम्ही कारागृहाच्या वसाहतीत राहत होतो. दर तासाला पडणारे टोल हेच आमच्या घराचे घड्याळ होते. अवेळी ‘पगली घंटी’, म्हणजे तुरुंगातली धोक्याची घंटा, वाजली की ती सरावासाठी असो वा खरी, आई आधी आम्हाला घरात ओढून कडी लावत असे. ९ ऑक्टोबर १९९२ रोजी माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या हत्येबद्दल सुखा आणि जिंदा यांना येथे फाशी देण्यात आली, तेव्हा मी सहावीत होतो. त्याआधीचे दोन दिवस वडील घरी आले नव्हते. आले ते मागच्या दाराने, न बोलता थेट मोरीत गेले आणि डोक्यावरून अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून झोपले. आईने वाढलेले ताट तसेच झाकून ठेवले. त्या दिवसाविषयी ते निवृत्तीनंतरही कधी बोलले नाहीत.

सोलापूरहून

आमच्या गावात ‘चार पुतळा’ म्हटले की रिक्षावाला नेमका नेऊन सोडतो. ते पुतळे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांचे आहेत. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर सोलापूर पेटले, सरकारने मार्शल लॉ पुकारला आणि पुढे खटला चालवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर दिले. ज्यांच्या अटकेमुळे हे सारे घडले, ते गांधीजी त्या दिवशी त्याच तुरुंगात कैदेत होते. ही गोष्ट मला पन्नाशीत कळली आणि आपल्या शाळेत ती कोणीच कशी सांगितली नाही, याचे फार वाईट वाटले. माझी आजी, त्या वेळी आठ वर्षांची, तेव्हा शेजारच्या कोणत्याच घरात चूल पेटली नसल्याचे सांगत असे. येरवडा हा शब्द ती आयुष्यभर ‘एरोडा’ असा उच्चारी आणि उच्चारताना पदर तोंडाशी नेई.

मिसाबंदीची मुलगी

माझे बाबा हायस्कुलात गणित शिकवत आणि समाजवादी विचारांचे होते. आणीबाणीत त्यांना ‘मिसा’ या, खटल्याशिवाय कैदेत ठेवणाऱ्या कायद्याखाली पकडून येरवड्याला नेले, तिथे ते चौदा महिने होते. संघाचे, जनसंघाचे आणि समाजवादी अशा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या लोकांनी तेथे एकत्र दिवस काढले. रोज संध्याकाळी वाद आणि सकाळी पुन्हा एकाच किटलीतला चहा, असे बाबा सांगत. समाजवादी नेत्या प्रमिला दंडवते येरवड्यात होत्या आणि त्यांचे पती मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, त्यामुळे त्या दोघांचा संसार पत्रांवरच चालला होता. आमचाही तसाच चालला. बाबांच्या पत्रांतल्या काही ओळींवर काळी शाई फिरवलेली असे आणि आई ते पत्र उजेडासमोर धरून खालची अक्षरे लावू पाहत असे. एकदा तिला ‘गुडघा’ एवढाच शब्द लागला आणि पुढचे पत्र येईपर्यंत तिला झोप लागली नाही. १९७७ मध्ये सुटून आल्यावरही कित्येक महिने बाबा दिवस मावळण्यापूर्वी घरात येऊन बसत. बराकी त्या वेळी बंद होतात, हे मला फार उशिरा समजले.

पुण्याहूनच

आमच्या घरात येरवडा म्हणजे तुरुंग नव्हे, पुणे करार. ब्रिटिश सरकारच्या निवाड्याने अस्पृश्यांना ७१ जागा, स्वतंत्र मतदारसंघ आणि त्याशिवाय सर्वसाधारण मतदारसंघातले दुसरे मत दिले होते. गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात त्याविरुद्ध उपोषण सुरू केले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, २४ तारखेला, करार झाला. जागा १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेला. आंब्याच्या झाडाखाली चाललेल्या त्या बोलण्यांना बाबासाहेब बाहेरून येत होते, ते कैदी नव्हते; परंतु एका माणसाच्या प्राणाचे ओझे खांद्यावर असताना तेथे बसलेल्यांत मोकळे नक्की कोण होते, हा प्रश्न माझे आजोबा नेहमी विचारत. बाबासाहेबांनी पुढे या कराराविषयी कठोर शब्दांत लिहिले, ते आजोबांना पाठ होते. २६ जानेवारी २०२१ पासून राज्यात ‘जेल पर्यटन’ येरवड्यातूनच सुरू झाले, तेव्हा मी मुलाला घेऊन जाऊन ती जागा पाहून आलो. मार्गदर्शकाने उपोषणाची माहिती छान सांगितली. दुसऱ्या मताचे मी मुलाला परतताना बसमध्ये समजावून सांगितले.

एक बहीण

माझा धाकटा भाऊ २०११ मध्ये न्यायाधीन बंदी म्हणून तेथे होता. पुढे निर्दोष सुटला. देशभरच्या तुरुंगांतली दर चार माणसांतली सुमारे तीन माणसे अशीच, निकालाची वाट पाहणारी असतात. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आसपास असून आत त्याच्या दुपटीहून अधिक माणसे असतात, त्याचे कारणही बव्हंशी हेच आहे. मुलाकातीच्या दिवशी आम्ही पहाटेची एसटी पकडत असू. नाव पुकारले की जाळीपाशी धावायचे. दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस कुटुंबे एकाच वेळी ओरडत असल्यामुळे निम्मे बोलणे ओठांवरूनच ओळखावे लागे. आईने आठवडाभर मनात जुळवलेले सगळे बोलणे तिथे विसरून तिने एवढेच विचारले होते, ‘शर्टाचं बटण कुठं गेलं रे?’ पुढच्या वेळी तिने पिशवीत सुई-दोरा घेतला आणि तो अर्थातच फाटकावर काढून घेतला गेला. गावात आम्ही तो दुबईला असल्याचे सांगितले होते. तो परतला तेव्हा शेजारच्या काकूंनी, सगळे ठाऊक असूनही, ‘दुबईत ऊन फार असतं का रे?’ असे विचारले आणि त्याच्या हातावर साखर ठेवली. त्यांचे ते उपकार आम्ही विसरणार नाही.

आठ वर्षे आत असलेला

लिहावे की नाही, असा दोन दिवस विचार केला. मी पक्का, म्हणजे शिक्षा झालेला, कैदी होतो आणि माझ्या हातून घडले ते घडले होते. सुतारकामाच्या कारखान्यात रंधा मारायला शिकलो आणि आज पोट त्यावरच चालते. गांधीजींची खोली किंवा फाशी यार्ड मी कधी पाहिले नाही. आमचा तुरुंग म्हणजे बराक, कारखाना आणि नळ. हा धागा सुरू करणाऱ्या भावांना एक सांगायचे आहे: तुमच्या घरी ऐकू येणारे टोल आम्हीही ऐकत होतो. रात्री झोप उडाली की आम्ही ते मोजत असू, आणि पाचचा पडला की शेजारचे म्हातारे बाबा अंथरुणावर उठून बसत, घडी घालत आणि म्हणत, ‘चला, एक दिवस गेला.’