रणजी हंगाम तोंडावर आला आहे: आपला बडोदा संघ या वेळी जानेवारीतही टिकेल का?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. रणजी करंडकाचा २०२५-२६ चा हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होत आहे. गटवाटणी जाहीर झाल्यापासून माझी अवस्था अर्धी उमेद, अर्धी धास्ती अशी आहे, म्हणून येथील जाणकारांपुढे हा विषय मांडतो.

उमेदीचे कारण असे, की मुंबई या वेळी आपल्या गटात नाही. विदर्भ, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र, झारखंड, ओडिशा आणि नागालँड यांच्याशी आपली गाठ आहे. गतविजेता विदर्भ बाजूला ठेवला, तर मैदानात उतरण्याआधीच हातपाय गळावेत असा यांतला एकही संघ मला वाटत नाही. शिवाय आजवर विदर्भाकडून खेळलेला अमरावतीचा जितेश शर्मा या हंगामापासून आपल्याकडे आला आहे. क्रुणाल पंड्या आणि तो असे दोघेही आयपीएल जिंकून आलेले आहेत, आणि त्या अंतिम सामन्याचा मानकरी तर क्रुणालच होता.

धास्ती आहे ती गेल्या हंगामाची पुनरावृत्ती होण्याची. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराजवळच्या कोटंबीच्या मैदानावर आपण मुंबईला ८४ धावांनी हरवले, तेव्हा घरी अक्षरशः पेढे आणले होते. पाच सामन्यांनंतर २७ गुणांसह आपण गटात सर्वांत वर होतो. मग दोन महिने पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे मर्यादित षटकांच्या, स्पर्धा झाल्या. जानेवारीत लाल चेंडू पुन्हा हातात आला, तेव्हा नाशिकला महाराष्ट्राने आपल्याला ४३९ धावांनी आणि येथे वडोदऱ्यातच जम्मू-काश्मीरने १८२ धावांनी धूळ चारली. त्या चार डावांतील आपल्या धावा होत्या १४५, १७७, १६६ आणि १८२. एकदाही दोनशे नाहीत! सत्तावीस गुणांचे अठ्ठावीस झाले नाहीत. जम्मू-काश्मीर ३५ आणि मुंबई २९ गुणांवर उपांत्यपूर्व फेरीत गेले आणि आपण दोन गुणांनी घरी बसलो.

यंदाही हंगाम असाच मधोमध कापलेला आहे. पाच सामने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, उरलेले दोन जानेवारीत. तेव्हा प्रश्न असा, की गेल्या वर्षीची घसरण या खंडामुळे झाली असे आपण मानता का, आणि तसे असेल तर संघाने या वेळी काय वेगळे करावे?

मांजलपूरचा रहिवासी

आपली तळमळ पोहोचली, पण खंडाचे कारण मला पटत नाही. खंड सर्वांनाच होता. जम्मू-काश्मीरचे खेळाडूही त्याच दोन महिन्यांत त्याच पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा खेळून आले होते आणि परक्या मैदानावर येऊन त्यांनी आपल्याला हरवले. नाशिकच्या खेळपट्टीला दोष द्यावा, तर महाराष्ट्राने दुसऱ्या डावात तिच्यावरच सात बाद ४६४ धावा करून डाव घोषित केला. खेळपट्टी एका संघासाठी पाटा आणि दुसऱ्यासाठी आखाडा नसते.

माझ्या मते दुखणे वरच्या फळीत आहे आणि ते जानेवारीत सुरू झालेले नाही. पहिल्या टप्प्यात गोलंदाजांनी, विशेषतः फिरकीने, ते झाकून ठेवले होते. शंभराच्या आत चार बाद झाल्यावर क्रुणाल, अतित शेठ किंवा मितेश पटेल यांनी डाव सावरायचा, हा आपल्या संघाचा जणू ठरलेला कार्यक्रम झाला आहे. सावरणारे दमले, की १६६ होतात. जितेशच्या येण्याचा मलाही आनंद आहे, पण त्याचे नाव झाले ते शेवटच्या पाच षटकांतील फटकेबाजीने. रणजीत आपल्याला हवा आहे तो सकाळच्या सत्रात नव्या चेंडूवर वीस षटके खेळून काढणारा माणूस. शाश्वत रावत आणि ज्योत्स्निल सिंग यांच्याकडून मला अपेक्षा आहेत, मात्र त्यांना चार सामने खराब गेले तरी हात न लावण्याचे धैर्य निवड समितीने दाखवायला हवे.

हार्दिक येईल आणि तारून नेईल, असे कोणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो: डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईविरुद्ध खेळल्यानंतर तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नाही. त्याच्या नावाचा जप आता थांबवावा.

मोतीबागचा जुना प्रेक्षक

मांजलपूरकरांनी फलंदाजीवर बोट ठेवले ते योग्यच आहे, पण मला झोप लागू देत नाही ती गोलंदाजी. किंवा नेमके सांगायचे तर, गोलंदाजी म्हणजे एकटा भार्गव भट्ट, ही परिस्थिती.

फेब्रुवारी २०२४ चा मुंबईविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आठवून पाहा. भार्गवने पहिल्या डावात ११२ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात २०० धावांत ७ बळी घेतले. एका सामन्यात चौदा बळी! तरीही आपण बाहेर पडलो. पहिल्या डावात मुंबईच्या ३८४ ला आपण ३४८ पर्यंतच उत्तर देऊ शकलो आणि आघाडी ३६ धावांनी हुकली; सामना अनिर्णित राहिला, की हीच आघाडी निर्णायक ठरते. दुसऱ्या डावात मुंबई नऊ बाद ३३७ होती. मी रावपुऱ्यात एका ओळखीच्या घड्याळजीच्या दुकानात बसलो होतो. तो डोळ्याला भिंग लावून काम करीत होता आणि मी त्याला मोबाईलवरचा धावफलक वाचून दाखवीत होतो. तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा केल्या, म्हणजे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतके ठोकली. कोटियनचे शतक झाल्यावर घड्याळजीने भिंग न काढताच मला धावफलक वाचणे बंद करायला सांगितले. त्या दिवशी आपल्याकडे चेंडू सोपवावा असा दुसरा हात नव्हता, आणि भार्गवचे खांदे पडलेले स्पष्ट दिसत होते. आता त्याने पस्तिशी गाठली आहे. महेश पिठिया किंवा निनाद राठवा यांच्यापैकी कोणी एकाने हंगामात पंचवीस-तीस बळी घेतले नाहीत, तर जानेवारी येईपर्यंत भार्गवला आपण पिळून काढलेले असेल. दांडियाबाजारकर ज्याला खंडाचा परिणाम म्हणतात, त्यात या थकव्याचा वाटा किती, याचाही विचार व्हावा.

२०००-०१ साली जेकब मार्टिनच्या नेतृत्वाखाली रेल्वेला हरवून आपण करंडक जिंकला, त्या संघात कॉनर विल्यम्ससारखा धावांची भूक असलेला सलामीवीर होता आणि श्रीरामपूरहून आलेला झहीर खान होता. वेगवान गोलंदाजाने जुन्या चेंडूवर सामना फिरवावा, हे तेव्हा पाहिले. त्यानंतर आपण २०११ मध्ये येथेच मोतीबागेवर राजस्थानविरुद्ध अंतिम सामना खेळलो आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर तो गमावला. पाच करंडकांपैकी चार माझ्या वडिलांच्या वाट्याला आले. माझ्या वाट्याला एकच. दुसऱ्याची वाट पाहण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो.

इंदूरचा पाहुणा

मी इंदूरचा, पण सासुरवाडी वडोदऱ्याची, त्यामुळे हा धागा आवडीने वाचतो. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली ती इंदूरच्या तेव्हाच्या आमच्या होळकर संघाविरुद्ध, हे सासरे मला दर दिवाळीला ऐकवतात. जुने प्रेक्षक यांना मात्र एक सांगावेसे वाटते. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याचा प्रकार कोटियन-देशपांडे यांच्याआधी प्रथम श्रेणीत एकदाच घडला होता, १९४६ मध्ये लंडनच्या ओव्हलवर सरे या इंग्लिश कौंटी संघाविरुद्ध, आणि त्या जोडीतले चंदू सरवटे आमच्या होळकर संघाचे. म्हणजे त्या दुःखाशीही इंदूरचे नाते आहेच.

मूळ प्रश्नाबद्दल थोडे गंभीरपणे. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये बंगळूरूला मुंबईला हरवून पहिला करंडक जिंकला, तो कोणा एका मोठ्या नावाच्या बळावर नव्हे. चंद्रकांत पंडित यांनी १९९९ मध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना गमावला होता, आणि प्रशिक्षक म्हणून परत आल्यावर त्यांनी संघाला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे घाई न करणे. मुंबईच्या ३७४ धावांपुढे यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार अशा तिघांनी शतके केली आणि आम्ही ५३६ पर्यंत खेळत राहिलो. आघाडी मिळाल्यावर मुंबईला धावांच्या मागे पळावे लागले आणि सामना तेथेच आमच्याकडे झुकला.

उलट, डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या बडोदा संघाने इंदूरच्याच एमराल्ड हायस्कूलच्या मैदानावर सिक्कीमविरुद्ध वीस षटकांत ३४९ धावा केल्या. भानू पानियाने ५१ चेंडूंत नाबाद १३४ धावा फटकावल्या आणि संपूर्ण डावात ३७ षटकार बसले. ट्वेंटी-ट्वेंटीमधील तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढच्याच महिन्यात हाच संघ नाशिकला १४५ धावांत बाद झाला. म्हणून मांजलपूरकरांशी मी पूर्ण सहमत नाही. खंड सर्वांना असतो हे खरे, पण ज्या संघाची बॅट त्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त सुटलेली असते, त्याला ती पुन्हा आवरायला अधिक वेळ लागतो.

मांजलपूरचा रहिवासी

पाहुण्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण नाशिकला आणि नंतर वडोदऱ्यात आपले सगळेच गडी फटके मारताना बाद झाले असे नाही. बचाव करताना यष्टीमागे झेल देणे हा तंत्राचा दोष आहे, स्वभावाचा नाही. येथे आपले मतभेद राहू द्यावेत.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. जुने प्रेक्षक यांच्या प्रतिसादानंतर मी माझा प्रश्न थोडा बदलून घेतो. जानेवारीत टिकायचे असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच दोन गोष्टी व्हायला हव्यात. भार्गवच्या षटकांचा बोजा वाटून घेतला जावा, आणि निर्णायक विजय हाती येत नसेल तेथे पहिल्या डावाच्या आघाडीचे तीन गुण तरी सोडू नयेत. गेल्या वर्षी अशी एक आघाडी जास्त असती, तर एका गुणाऐवजी तीन मिळून एकोणतीस गुणांवर आपण मुंबईच्या बरोबरीला असतो आणि जानेवारीतील ते दोन पराभव कदाचित पचलेही असते. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास मिळणारा जादा गुण नागालँडविरुद्ध मिळायलाच हवा, असे माझे मत आहे.

पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धांमधून परतल्यावर रावत, ज्योत्स्निल आणि विष्णू सोळंकी यांना थेट सामन्यात न उतरवता, मोतीबागेवर चार दिवसांचा सराव सामना खेळवणे बडोदा क्रिकेट संघटनेला अशक्य नसावे. ११ जानेवारीला कोटंबीला भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना असल्यामुळे त्या आठवड्यात सर्वांचे लक्ष तिकडेच असेल, हे मला दिसते आहे. संपूर्ण शहर त्या दिवशी हालोल रस्त्यावर लोटेल, याविषयी शंका नाही. त्याच महिन्यात रणजीचे उरलेले दोन सामने आहेत, आणि त्यांची तयारी कोण पाहणार, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया येथे लिहावे.

मोतीबागचा जुना प्रेक्षक

सराव सामन्याची सूचना लेखी स्वरूपात संघटनेकडे पाठवा, मी सही करतो. घड्याळजीचीही मिळेल.