'भ'ची बाराखडी आणि सचोटी

'ज्याच्या तोंडात शिवी, त्याचे मन साफ' या मताला २०१७ सालच्या एका संशोधनाचा दाखला दिला जातो; शिव्या देणारी माणसे अधिक खरी असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याबद्दल थोडी भर घालतो. त्यातील पहिल्या पाहणीत २७६ जणांचा खरेपणा एका प्रश्नावलीने मोजला होता, आणि 'दिलेला शब्द मी नेहमीच पाळतो' अशा धर्तीची उत्तरे देणारा माणूस तीत खोटारडा ठरतो, कारण असे नेहमीच कुणी वागत नाही, हे तीत गृहीत धरलेले असते; एखादा खरोखरच शब्दाला जागणारा असेल, तर त्याने करायचे काय? पुढच्याच वर्षी इतर मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला.

लालबागच्या आमच्या चाळीत एक मालवणी काका होते. नळाचे पाणी मध्येच गेले की रिकामी कळशी आपटून ते 'भ'ची बाराखडी अशा काही लयीत म्हणत की दाराआड आम्हा पोरांची हसून मुरकुंडी वळे. (मालवणीत शिवी पुष्कळदा लाडाचीच असते, हे खरे.) मात्र भिशीचा हिशेब मागितला की याच काकांची वाणी एकदम प्रमाण मराठी होई, आणि आई मला हळूच म्हणे, ''आता पैसे मोजून घे.''